दुभाष्याची बहीण

लेओन, २० जून १८५५

प्रिय सालोमेताई,

मासायाचा टोपीवाला हे पत्र आणेल. गठ्ठ्यातल्या सगळ्यात खालच्या टोपीचं अस्तर उसव. लढाई चालू असताना लेओनचं पत्र ग्रानादात सापडलं तर तुझ्या घरात चौकशी व्हायची, म्हणून हा उद्योग.

आमच्या पक्षाने तुमच्या गावाला नऊ महिने वेढा घातला, त्याचा राग तू अजून माझ्यावर काढतेस. पण ताई, मी तोफ चालवत नाही गं. मी इथे सरकारी कचेरीत कागद लिहितो. आणि आता नुसता कारकूनही राहिलेलो नाही. बंदरावरच्या कप्तानांकडून जे इंग्रजी उचललं, ज्याला बाबा 'खलाशांची बडबड' म्हणायचे, त्याच इंग्रजीवर मला सरकारी दुभाष्या म्हणून नेमलंय.

कारण असं की चार दिवसांपूर्वी रेआलेहो बंदरात अठ्ठावन्न अमेरिकन उतरले. आम्हीच बोलावलेत. कपाळाला हात लावू नकोस, आधी पुढचं वाच. ते सैनिक नाहीत. करारात तसा शब्दच नाही. ते वसाहतकरी आहेत, जमिनी घेऊन इथे राहणार, आणि हत्यार बाळगायची त्यांना मुभा आहे, इतकंच. परक्यांच्या लढाईत माणसं पाठवायला त्यांच्या देशात कायद्याने बंदी आहे, तेव्हा शब्द जपून घालावे लागले.

मेहुण्यांना सांग, घाबरण्यासारखं काही नाही. अमेरिका हा राजा नसलेला देश आहे. त्यांचे एक अध्यक्ष तीस वर्षांपूर्वीच बजावून गेलेत की युरोपच्या राजांनी आता या खंडात पाय ठेवायचा नाही. आपल्या सान हुआन नदीच्या तोंडाशी इंग्रज ठाण मांडून बसलेत, त्यांना हटवायचं तर असा शेजारी पाठीशी नको का? लढाई लवकर संपेल. मग मी घरी येईन आणि मला अंगाखांद्यावर वाढवलेल्या तोमासाच्या हातचे केळीच्या पानात उकडलेले मक्याचे नाकातामाल पोट फुटेस्तोवर खाईन.

तुझा बेनिग्नो


ग्रानादा, ९ जुलै १८५५

बेनिग्नो,

टोपी मिळाली. अस्तर उसवलं. वाचून झाल्यावर वाटलं, पुन्हा शिवून टाकावं.

तुझे वसाहतकरी मागच्या आठवड्यात रिवासला पेरणी करायला गेले होते म्हणे. बंदुका घेऊन. रिवासच्या लोकांनी एका घरात कोंडलं त्यांना आणि छपराला आग लावली, तेव्हा कुंपणावरून उड्या टाकत पळाले. अठ्ठावन्न शेतकरी आणि बरोबर नांगर एकही नाही, हे तुला विचित्र वाटलं नाही का रे?

तुझं पत्र मी तुझ्या मेहुण्यांना, इसिदोरोला, मोठ्याने वाचून दाखवलं. वसाहतकरी हा शब्द आला तसा तो हसायला लागला. म्हणाला, "तुझ्या भावाला म्हणावं, मेक्सिकोला जाऊन विचार. टेक्सासात पहिल्यांदा वसाहतकरीच आले होते. आता अर्धा मेक्सिको कुठेय?" राजांना पाय ठेवू देणार नाही म्हणाले, ठीक. स्वतःचा पाय कुठे ठेवणार, तेही सांगितलंय का त्या अध्यक्षांनी?

तोमासा विचारते, पोरगं नीट जेवतं का. तिला राजकारणातलं काही सांगितलं की ती विचारते, "पण यात बेनिग्नो कुठे उभा आहे?" मलाही तेच विचारायचंय. शब्द जपून घालावे लागले असं लिहिलंस. कोणी घातले? तो कागद तू लिहिलास का?

इसिदोरो परवा फौजेबरोबर दक्षिणेला जातोय. तुझ्याविरुद्ध लढायला, असं मी म्हणत नाही. तोही म्हणत नाही. पण तसंच आहे ते.

सालोमे


लेओन, १५ सप्टेंबर १८५५

ताई,

इथे पटकीने थैमान घातलंय. मागच्या आठवड्यात आमच्या सरकारचे प्रमुखच गेले. सकाळी माझ्याकडून दोन पत्रं लिहून घेतली, दुसऱ्या दिवशी त्यांच्या दफनाला गेलो. ज्यांनी अमेरिकनांना बोलावलं तेच राहिले नाहीत, आणि आता त्यांना परत जा म्हणणारं कोणी उरलं नाही.

मला त्यांच्याबरोबर दक्षिणेला जायचा हुकूम झालाय. कॅप्टन हॉलिस म्हणून केंटकीचा एक माणूस आहे, त्याच्या हाताखाली. वाईट नाही तो. घोड्यांवर जीव आहे त्याचा. मला 'मिस्टर बेनिग्नो' म्हणतो. लेओनच्या कचेरीत सहा वर्षांत कोणी इतक्या मानाने हाक मारली नाही.

तू विचारलंस त्याबद्दल भेटीत बोलू. अशा गोष्टी पत्रात लिहिल्या की भलत्याच दिसतात.

बेनिग्नो


आकोयापा, २ डिसेंबर १८५५

बेनिग्नो,

सरोवराच्या या काठाला, इसिदोरोच्या गुरांच्या वाडीवर येऊन आम्हाला दहा दिवस झाले. मी आणि तोमासा. इथे कोणी कोणाला काही विचारत नाही. गाईंच्या धारा काढायच्या, चीज करायचं, प्रार्थना करायची, झोपायचं.

ऑक्टोबरात मी जे वागले त्याबद्दल आधी लिहिते. आपली फौज तिकडे रिवासला वाट बघत बसली आणि तुम्ही आगबोटीतून सरोवरामार्गे मागच्या अंगाने ग्रानादात शिरलात. सकाळी तू दारात उभा, छातीवर लेओनच्या पक्षाची लाल फीत. मी दार लावून घेतलं. तोमासाने ते उघडलं आणि म्हणाली, "आत ये, आधी पाय पूस." तुला आठवत असेल, मी पाठ फिरवून आतल्या खोलीत गेले. तेव्हा मला वाटलं होतं, माझा भाऊ मेला.

मग तह झाला. दोन्हीकडचे सेनापती चौकात गळ्यात गळे घालून उभे राहिले. इसिदोरो घरी आला, दाढी काढली, म्हणाला, "चला, निदान गुरांकडे बघता येईल." तीन आठवडे. मग त्याचं होंडुरासच्या चुलतभावाला लिहिलेलं, मदत मागणारं पत्र अमेरिकनांनी वाटेत पकडलं, आणि पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. न्यायाधीश अमेरिकन, शिपाई अमेरिकन, कायदाही त्यांचाच. सोळा नोव्हेंबरला सकाळी त्याला गोळ्या घातल्या, त्या बंदुकांचा आवाज मी स्वयंपाकघरातून ऐकला.

हे सगळं झाल्यावर मला एकच गोष्ट बरी वाटते. खटल्याच्या त्या खोलीत तू होतास. इसिदोरोने काय विचारलं, काय सांगितलं, ते निदान आपल्या एका माणसाने ऐकलं. त्याचे शब्द त्यांना तू समजावून सांगितलेस. तो एकटा नव्हता. याबद्दल मी तुझी ऋणी आहे रे.

एक मात्र सांग. ते पत्र इंग्रजीत कोणी केलं? इसिदोरोचं अक्षर मलासुद्धा धड लागत नव्हतं. ज्याने ते लावलं, त्याने मन लावून काम केलं असणार.

सालोमे


ग्रानादा, २० जानेवारी १८५६

प्रिय ताई,

तुझं पत्र दीड महिना खिशात आहे. उत्तर लिहायला बसलो की कोणीतरी हाक मारतं.

मी तुझ्याच, म्हणजे बाबांच्या घरात राहतो. रागावू नकोस, रिकामं राहिलं असतं तर ते त्यांनी जप्त केलं असतं. कॅप्टन हॉलिस पुढच्या खोलीत, मी मागच्या. तुझी देवघरातली मूर्ती मी कपड्यात गुंडाळून ठेवलीय. अंगणात घोडे बांधतात, त्याला माझा इलाज नाही.

ते पत्र इंग्रजीत करणारा क्युबाचा एक माणूस होता. कचेरीत आम्ही तिघे-चौघे आहोत. त्याच्याशी माझी ओळख नाही.

दर पंधरवड्याला आगबोट नवी माणसं आणते. सान फ्रान्सिस्कोहून, न्यू ऑर्लिन्सहून. इकडे येण्याचा प्रवास त्यांना फुकट. काहींच्या पायात बूट नसतात, पण बोलतात असं जणू वाडवडिलांच्या शेतावर आलेत. मी हॉलिसला एकदा विचारलं, "तुमचा देश केवढा मोठा. मग आमच्या या चिमुकल्या देशात काय ठेवलंय?"

तो घोड्याला खरारा करत होता. म्हणाला, "मिस्टर बेनिग्नो, एका समुद्रापासून दुसऱ्या समुद्रापर्यंत जे आहे ते देवाने आमच्या नावावर लिहून दिलंय. तुमचं सरोवर मधे आलं, त्याला आम्ही काय करणार?"

तो हसला, मीही हसलो. ताई, इथे माणूस बऱ्याच गोष्टींना हसतो.

तरी मी अजून म्हणतो, यातून काही चांगलं निघेल. रस्ते होतील. शाळा होतील. आणि मी इथे असल्यामुळे आपल्या लोकांचं काही ना काही काम होतं. कोणाचा बैल सोडवतो, कोणाला तुरुंगातून काढतो. मी नसतो तर काय झालं असतं?

बेनिग्नो


आकोयापा, १७ सप्टेंबर १८५६

बेनिग्नो,

मी नसतो तर काय झालं असतं, हे वाक्य मी तोमासाला वाचून दाखवलं. तिने चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

आता तुझं लेओनही उलटलं. अमेरिकनांच्या सेनापतीने स्वतःची निवडणूक स्वतःच करून घेतली आणि आपल्या देशाचा अध्यक्ष होऊन बसला. तेव्हा कुठे तुझ्या पक्षाचे डोळे उघडले. तुमची लाल फीत आणि आमची पांढरी फीत आता एकाच बाजूला येणार म्हणतात. सगळे त्याला सोडून गेले. मग तू तिथे कोणाचा दुभाष्या आहेस? तिथे आता सांगणारेही इंग्रजीच बोलतात आणि ऐकणारेही.

त्या क्युबाच्या माणसाचं नाव कळव. मी रोज प्रार्थना झाल्यावर त्याला शाप देते. नाव नसलं की शाप कुठे जाऊन पडतो कोण जाणे.

कामाचं लिहिते. जमिनीचे आणि घराचे कागद त्यांच्या कचेरीत नोंदवले नाहीत तर मालकी जाणार, असा हुकूम निघालाय. इंग्रजीतला कागद आणि आपला कागद म्हणे सारखाच. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी तो कसा सारखा, ते तूच जाणे. बाबांच्या घराचा कागद देवघराच्या फरशीखाली आहे. तो आणायला मी तोमासाला पाठवतेय. मी आले तर इसिदोरोची बायको म्हणून धरतील. काळ्या बाईकडे कोण बघतंय, असं तीच म्हणाली.

तिला चार दिवसांत परत लावून दे. होडीवाला थांबणार आहे.

सालोमे


ग्रानादा, २४ सप्टेंबर १८५६

ताई,

हे पत्र तोमासाबरोबर येतंय. ती पोचली असेल तर सर्वांत आधी तिला घेऊन डोंगराकडे जा. गावात ठेवू नकोस. मग बाकीचं वाच.

सोमवारी माझ्या टेबलावर एक हुकूम आला, स्पॅनिशमध्ये करून छापखान्यात द्यायला. साधा, कोरडा कागद. आपण, होंडुरास, कोस्टा रिका मिळून जे जुनं संघराज्य होतं त्याच्या सभेने केलेले सगळे कायदे रद्द समजावेत, इतकंच. मी अर्धा तर्जुमा करूनही टाकला. तोमासा तेव्हा अंगणात घोड्यांची लीद गोळा करत होती. तिला त्या घराची तशी अवस्था बघवेना. आणि तिच्याकडे बघता बघता माझा हात थांबला. सन चोवीसचा गुलाम मोकळे करण्याचा कायदा त्याच सभेचा. तोमासा आणि तिची आई ज्या कायद्याने सुटल्या तो.

कागदात गुलाम हा शब्दच नाही, ताई. मला ती लिहिण्याची पद्धत ओळखीची वाटली. ती माझीच आहे. तू विचारलं होतंस आणि मी टाळलं होतं. तो करार मीच लिहिला. 'सैनिक' खोडून 'वसाहतकरी' हा शब्द मी सुचवला, आणि सगळ्यांनी माझी पाठ थोपटली होती.

मी हॉलिसकडे गेलो. विचारलं, "याचा अर्थ मला वाटतो तोच आहे का?"

"तुम्ही फार सावकाश आहात, मिस्टर बेनिग्नो," तो म्हणाला. "अर्धे लोक आलेत कशासाठी? शेतं आहेत, पण राबणार कोण?" मग त्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. "त्या बाईकडे काही कागद आहे का? मुक्त असल्याचा?"

मी म्हणालो, "कायदा होता. वेगळा कागद कशाला लागेल?"

"मग आता लागेल," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात, पाऊस येईलसं दिसतंय म्हणावं तसं.

मी टेबलावर परत आलो आणि तर्जुमा पुरा केला. शेवटी स्वतःचं एक वाक्य घातलं: 'म्हणजे सन चोवीसमध्ये मुक्त झालेली माणसं आणि त्यांची लेकरं आता मुक्त राहिली नाहीत, ज्यांना पाय आहेत त्यांनी निघावं.' छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला स्पॅनिश येत नाही. आज सकाळी कागद गावभर लागला. दुपारपर्यंत सरोवराकाठच्या झोपड्या निम्म्या रिकाम्या झाल्या. अजून कोणी मला न्यायला आलेलं नाही, पण येतील.

म्हणून आता दुसरी गोष्ट. ती सांगितल्याशिवाय हे पत्र बंद करायची माझी हिंमत नाही.

क्युबाचा माणूस कोणी नव्हता. मेहुण्यांचं पत्र इंग्रजीत मी केलं. त्यांचं अक्षर मला लागत होतं. 'तुम्ही लवकर आला नाहीत तर इथे आपलं म्हणावं असं काही उरणार नाही,' हे वाक्य मी जसंच्या तसं दिलं. एक शब्द चुकवला नाही. मला वाटलं, मी इतका प्रामाणिक आहे हे त्यांना दिसलं की मग मी दयेची भीक मागितली तर ऐकतील. मी मागितली. न्यायाधीश म्हणाला, "दुभाष्याने फक्त सांगितलं तेवढं बोलावं."

मेहुण्यांना माहीत होतं. खोलीत त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "बरोबर वाचलंस." एवढंच.

बेनिग्नो


आकोयापा, ६ ऑक्टोबर १८५६

तोमासा पोचली. तिला वर डोंगरात ठेवलंय.

त्या परक्यांना आत घेण्यासाठी तुला सैनिक लपवणारा शब्द सुचला. माझ्या नवऱ्यासाठी एक मऊ शब्द सुचला नाही? 'तुम्ही आला नाहीत तर' याचं 'भेटायला आला नाहीत तर' करता आलं नसतं? दोन चुलतभाऊ आहेत ते. गुरांबद्दल लिहिलंय म्हणाला असतास. कोण तपासणार होतं?

आठ महिने मी एका नसलेल्या माणसाला शाप दिले. रोज. गुडघे टेकून.

पुन्हा लिहू नकोस.

सालोमे


मासाया, १४ मे १८५७

ताई,

तू लिहू नकोस म्हणालीस, तरी लिहितो. तुझं ते पत्र मला डिसेंबरात मिळालं. होडीवाल्याने जपून ठेवलं होतं.

अठ्ठावीस सप्टेंबरला त्यांनी मला धरलं. हॉलिस आला नव्हता, त्याने दुसऱ्यांना पाठवलं. नोव्हेंबरात आपली आणि शेजारच्या देशांची संयुक्त फौज गावाला भिडली तेव्हा त्यांच्या सेनापतीने ग्रानादा सोडायचं ठरवलं. पण आपल्या हाती लागू द्यायचं नाही म्हणून जाळायचं. आम्हा कैद्यांना पाणी आणि दारूगोळा वाहायला लावलं. मी ते बघितलं, ताई. आधी दुकानं लुटली, पिऊन झिंगले, मग रांगेने घरं पेटवत गेले. बाबांचं घर पेटलं तेव्हा मी रस्त्याच्या पलीकडे बादल्या घेऊन उभा होतो, आणि बादल्या बंदुका गार करायला होत्या. मग ग्वादालुपेच्या देवळात त्यांच्यासकट तीन आठवडे कोंडलो गेलो. घोडे खाल्ले. पटकी झाली. हॉलिस तिथेच गेला. जाताना त्यांनी भाल्याला एक कातडं टांगून त्यावर लिहिलं, 'इथे ग्रानादा होतं.'

ते निघून गेल्यावर आपली माणसं आत आली तेव्हा माझ्या अंगावर अमेरिकन घोंगडी होती. एकाने ओळखलं, "हाच तो दुभाष्या." तेव्हापासून इथे मासायाच्या तुरुंगात आहे.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांचा सेनापती शरण आला. आपल्याला नाही, त्यांच्याच देशाच्या आरमारी अधिकाऱ्याला. आणि त्यांचं लढाऊ जहाज त्याला मानाने घरी घेऊन गेलं. ज्या देशाने त्याला पाठवलं नाही असं म्हणतात, त्याच देशाने त्याला नेलं. तो परत येईल असं इथले शिपाईसुद्धा म्हणतात.

माझ्यावर देशद्रोहाचा खटला आहे. एकोणतीस तारखेला उभा करतील. माझ्या बाजूने बोलणारा पुरावा एकच: माझं चोवीस सप्टेंबरचं पत्र. छापलेले कागद सगळे जळाले. ते पत्र तू फाडलं नसशील तर न्यायसभेकडे पाठव. फाडलं असशील तर मला काही म्हणायचं नाही.

बेनिग्नो


मासाया, ३ जून १८५७

बेनिग्नो,

तू मला न्यायसभेत पाहिलंस, पण शिपायांनी बोलू दिलं नाही. नंतर तुला आत नेलं. म्हणून हे पहारेकऱ्याबरोबर.

ते पत्र मी फाडलं नव्हतं. तसं बघायला गेलं तर तुझं एकही पत्र फाडलेलं नाही. तू फक्त एक मागवलंस. मी सगळी घेऊन आले. न्यायाधीशांनी म्हटलं, "सेन्योरा, संबंधित पत्र तेवढं वाचा." मी म्हटलं, "निवडून वाचायला मी दुभाषी नाही." आणि पहिल्यापासून वाचली. वसाहतकरी वाचलं. क्युबाचा माणूस वाचला. 'मी नसतो तर काय झालं असतं' वाचलं. तू मान खाली घातलीस ती तेव्हा. मग चोवीस सप्टेंबरचं वाचलं, पूर्ण. इसिदोरोचं वाक्यही, माझ्याच आवाजात. मला वाटलं होतं तिथे माझा आवाज जाईल. गेला नाही.

त्यांनी विचारलं, "तुमच्या पतीला यांनी मारलं असं तुमचं म्हणणं आहे का?"

मी म्हटलं, "बंदूक त्यांची होती. वाचन याचं होतं. तुम्ही काय ते ठरवा."

मग तोमासाने हात वर केला. तिला कोणी बोलावलं नव्हतं. न्यायाधीश म्हणाले, "तू कोण?"

"ज्यांना पाय आहेत त्यातली एक," ती म्हणाली. मागे बसलेल्या बायकांनी तो कागद ऐकलेला होता, त्यांच्यात कुजबुज झाली. "सरोवराकाठून दोनशे तरी माणसं त्या दिवशी निघाली. मी त्यांच्या बरोबरच होडीत होते. हा पोरगा थोर आहे असं मी सांगायला आले नाही. तो कसा आहे ते मला माझ्या सोळाव्या वर्षापासून माहीत आहे, मीच कडेवर घेतलाय. भित्रा आहे. शाबासकीचा भुकेला आहे. पण त्या दिवशी त्याला कोणी शाबासकी देणार नव्हतं. एवढंच सांगायचं होतं."

तुझी शिक्षा तुला कळलीच असेल. गोळी नाही. दहा वर्षं देशाबाहेर, आणि कोणासाठी कुठलाही कागद लिहायचा नाही. मला हे कमी वाटलं की जास्त, ते अजून कळत नाही. न्यायसभेतून परतताना तोमासा रडली, मी नाही. मी तुला माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. हे वाचून तू पुन्हा काही लिहायला बसू नयेस म्हणून आधीच सांगते.

पण एक काम आहे, आणि ते तुझ्याशिवाय कोणी करू शकत नाही. मी मागच्या आठवड्यात ग्रानादाला जाऊन आले. राख अजून पायाला लागते. देवळाची दफनाची वही जळाली, पाद्री पटकीने गेला, कबरस्तानातले लाकडी क्रूस सगळे सरपणाला गेले. त्या सोळा तारखेला आम्हा बायकांना घराबाहेर पडू दिलं नव्हतं. इसिदोरोला कुठे पुरलं हे मला माहीत नाही. दोन वेळा सगळीकडे फिरले, हाताने माती उकरून पाहिली. त्याला घेऊन गेले तेव्हा तू बरोबर चालत होतास, असं मला चार जणांनी सांगितलं.

तुला हद्दपार करून नेणार ती कोस्टा रिकाची वाट ग्रानादावरूनच जाते. पहाऱ्याच्या नायकाशी मी बोललेय, तो तुला शनिवारी सकाळी तासभर थांबू देईल. मी आणि तोमासा कबरस्तानापाशी कुदळ घेऊन उभ्या असू.

येऊन जागा दाखव. मग तू तुझ्या वाटेने जा. आणि हे बघ, तिथे काही बोलू नकोस. नुसतं बोट दाखव.

सालोमे